रंगपेटीतला सशाचा पाय

मी सशाचा पाय बोलतोय. मागचा, उजवा. बाकीच्या सशाचं लिंकनशायरमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी कालवण झालं, आणि त्यात कांदा जरा जास्तच पडला होता, असं मी नंतर ऐकलं. मला मीठ लावून चुलीजवळ टांगलं, चांगलं खडखडीत वाळवलं आणि वरच्या टोकाला चांदीचं टोपण बसवलं. नखं तशीच ठेवली. त्या शेतकऱ्याच्या बायकोला नाटकाचं भारी वेड. गावात आलेल्या कंपनीतल्या क्रॉफ्टबाईंना तिने मला भेट म्हणून देऊन टाकलं.

आमचं काम साधं असतं. नट आधी तोंडाला रंगाच्या कांड्या फासतो, पाच नंबरची आणि नऊ नंबरची, एकीत दुसरी मिसळून. त्याने चेहरा तेलकट चकाकतो. मग त्यावर पावडर बसवायची, गालांवर कोरडी लाली फिरवायची, पापण्यांवरून हलका हात द्यायचा. हे सगळं माझ्या तळव्याच्या केसांनी. बाजारात ब्रश मिळत नाहीत असं नाही. पण इंग्लंडातल्या जुन्या नटाला ब्रश दिलात तर तो त्याने बूट पुसेल.

कारण ब्रशात नशीब नसतं, माझ्यात असतं, असं ही माणसं मानतात. त्याचे नियम ठरलेले. मला विकत घ्यायचं नाही, कुणी हाताने दिलं तरच घ्यायचं. मी हरवलो की नट संपला. आणि मला पाणी लावायचं नाही, कधीच नाही, कारण धुतला की नशीब साबणाच्या फेसाबरोबर मोरीत गेलं. रोज आंघोळ करणारी, कॉलरला डाग पडला तर घर डोक्यावर घेणारी माणसं ही! पण मला वर्षानुवर्षं न धुता तोंडावरून फिरवायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

क्रॉफ्टबाईंचे गुडघे गेले तेव्हा ब्रॅडफर्डच्या एका भाड्याच्या खोलीत त्यांनी मला ऑस्वल्ड व्हर्नीच्या हातात ठेवलं. तेव्हा तो कंपनीत भाला धरून मागे उभा राहायचा. उंच, हाडकुळा, आणि डोळे मात्र असे राखाडी आणि मोठे की सगळ्यात वरच्या स्वस्त बाकांवरच्या लोकांनाही ते दिसायचे.

"घे पोरा," बाई म्हणाल्या. "खिशात हात घालू नकोस. पैसे दिलेस तर परत घेईन."

"नाही बाई, मी रुमाल काढत होतो."

"रडायला? रडायचं ते लोकांसमोर रड, त्याचे पैसे मिळतात. आणि नीट ऐक, याला पाणी लावलंस तर मी जिथे असेन तिथून येऊन तुझे कान उपटीन."

तो हसला, पण त्याने ते मनावर घेतलं. मला त्याने पत्र्याच्या रंगपेटीत एका मऊ कापडात ठेवलं. खरं सांगतो, मला तो आवडला. त्याचा हात हलका होता. रोज संध्याकाळी आरशासमोर बसला की तो आधी मला गालाशी धरून दोन क्षण नुसता बसायचा, मग कामाला लागायचा. रविवारच्या गाड्यांनी गावोगाव फिरताना, मटण भरलेले थंड पॅटिस खाताना, घरमालकिणींच्या ओलसर बिछान्यांवर झोपताना मी त्याच्या उशाशी असायचो.

आणि तो वर चढत गेला. भाल्यावरून नोकराच्या कामावर, नोकरावरून धाकट्या भावाच्या, आणि जर्मनीशी चाललेली मोठी लढाई संपली त्या सुमारास लंडनच्या एका चांगल्या नाटकगृहात नायकाच्या कामावर. लढाईत त्याला छाती कमजोर म्हणून घेतलं नव्हतं, त्याची त्याला लाज वाटायची. मधल्या काळात त्याने लग्न केलं. बायको हेस्टर, ससेक्समधल्या एका डॉक्टरची मुलगी. नाटकाचा तिला गंध नव्हता. आणि रंगपटात त्याला कपडे चढवायला पिमबाई आल्या. अंगाने भारदस्त, कामात चोख, संध्याकाळी काळ्या बिअरचा एक पेला लागायचा, आणि नाटकातल्या झाडून सगळ्या शकुन-अपशकुनांवर त्यांची श्रद्धा होती. माझ्याकडे त्या देवघराकडे बघावं तशा बघायच्या.

मग चित्रपट आला.

नाटकवाले त्याला नाकं मुरडायचे. मुक्याने तोंडं वेंगाडायची ती कसली कला, म्हणायचे. पण मोबदला बरा होता आणि काम दिवसाचं होतं. लंडनच्या बाहेर काचेच्या छताचं एक मोठं शेड होतं. तिथे गॅड्सबी नावाचा दिग्दर्शक चित्रं घ्यायचा. व्हर्नी सकाळी तिथे जायचा, दुपारी सुटून धावतपळत संध्याकाळच्या नाटकाला यायचा. पत्र्याची पेटी दोन्हीकडे बरोबर. म्हणजे मीही.

ते दिवे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हाच माझे केस ताठ झाले. कोळशाच्या दोन कांड्या समोरासमोर, आणि मधे असा पांढरा जाळ की त्याच्याकडे बघवत नाही. सापासारखा फुत्कार सतत चालू. त्यातून कोळशाची बारीक, कडक राख उडायची आणि सगळ्यांवर पडायची, माणसांवर, खुर्च्यांवर, टेबलावर उघड्या पडलेल्या रंगपेटीवर. काचेला लागली तर चरा पडेल अशी ती राख होती. ती माझ्या केसांत येऊन बसली आणि बसूनच राहिली.

त्या संध्याकाळी नाटकगृहात तो आरशासमोर बसला. मला गालाशी धरलं. मग पावडरीत बुडवून डोळे मिटले आणि मला पापण्यांवरून फिरवलं, एकदा या बाजूने, एकदा त्या. माझ्या केसांतली राख त्याच्या पापण्यांच्या कडेला जाताना मला कळत होती. ओरडावं असं वाटलं. पण पायाला तोंड कुठलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे लाल झाले.

त्यात त्या लोकांना काही विशेष वाटलं नाही. दिव्यांखाली काम करणाऱ्या सगळ्यांचेच डोळे लाल व्हायचे. कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, गार चहाची पत्ती बांधायची, रविवारी अंधाऱ्या खोलीत पडायचं, की सोमवारी माणूस बरा. व्हर्नीनेही बटाटे ठेवले, पत्ती बांधली. सगळे बरे व्हायचे, हा मात्र व्हायचा नाही. बाकीचे दिव्यांपासून सुटले की सुटायचे. हा दिव्यांची राख रोज संध्याकाळी नव्याने डोळ्यांना लावून घ्यायचा. हे मला माहीत होतं आणि दुसऱ्या कुणालाही नव्हतं.

एके सकाळी कॅमेरा चालू असताना त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दृश्यात त्याला नुसतं खिडकीबाहेर बघायचं होतं.

"अरे, रडतोयस कशाला?" गॅड्सबी ओरडला. "तुझी बायको बाजारात गेलीय, मेली नाही! थांबवा... नाही, नाही, थांबवू नका! फिरवत राहा! व्हर्नी, तसाच राहा. हलू नकोस. बापरे, काय बघतोय हा माणूस!"

दृश्य संपल्यावर दिव्यांवरचा एक माणूस व्हर्नीजवळ आला. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"साहेब, आम्ही हे चष्मे काय रुबाबासाठी घालतो? डोळे सांभाळा."

"तुला चष्मा चालतो बाबा," व्हर्नी म्हणाला. "मला चष्मा घालून कोण बघायला येणार?"

ते चित्र आलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. हुंदका न देता, चेहरा न हलवता रडणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. भित्तिपत्रकांवर नुसते त्याचे डोळे छापले. गॅड्सबी त्याच्यासाठी एकापाठोपाठ एक रडकी कामं लिहून घ्यायला लागला: पोर गमावलेला बाप, फाशीची वाट पाहणारा कैदी. नाट्यगृहाबाहेर बायका त्याला गाठून विचारायच्या, "अहो, इतकं कसं हो रडता येतं तुम्हाला?" तो लवून अभिवादन करायचा. त्याला खरंच वाटायला लागलं होतं की ही आपली कमाई आहे. मी पेटीत पडून हे ऐकायचो. ज्याची वाहवा चालली होती ते त्याचे डोळे जळत असल्याचं पाणी होतं.

हेस्टरला मात्र चैन पडेना. डॉक्टरच्या घरात वाढलेली ती. एका रविवारी तो आत डोळ्यांवर पत्ती बांधून पडला होता. तिने पेटी उघडली, एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली, आणि शेवटी मला उचललं. एका पांढऱ्या कागदावर तिने मला हलकेच आपटलं. पावडर पडली, आणि पावडरीत काळे कण. तिने ते बोटाने चोळून पाहिले. तिचा चेहरा कसनुसा झाला. मग ती सरळ उठली, मोरीपाशी गेली, कोमट पाणी काढलं, साबण घेतला आणि मला आत बुडवलं.

काय सांगू तुम्हाला! माझ्या केसांतून काळं पाणी निघालं, पुन्हा निघालं. मला इतकं हलकं मी वाळायला टांगलेला होतो तेव्हाही वाटलं नव्हतं. आता सुटला हा माणूस, असं मला वाटलं.

तेवढ्यात इस्त्रीचे शर्ट घेऊन पिमबाई दारात आल्या. शर्ट हातातून खाली पडले.

"बाईसाहेब! हे काय केलंत? अहो, बुडवलंत साहेबांना!"

"पिमबाई, हे पाणी बघा. बघा तरी! हे रोज त्याच्या डोळ्यांत जातंय."

"पाणी कसलं बघू? क्रॉफ्टबाईंनी सांगितलं होतं, सगळ्या कंपनीला माहितीय. धुतलेल्या पायाने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. ब्लॅकपूलला एकाने धुतला, आठवड्यात तोंड वाकडं झालं त्याचं!"

आवाज ऐकून व्हर्नी बाहेर आला. पत्ती गालांवर ओघळली होती. त्याने मला त्या फेसातून बाहेर काढलं.

"हेस्टर, तुला माझ्या कामाबद्दल काही कळत नाही, ते मी कधी बोललो नाही," तो म्हणाला. "पण तू हात कशाला लावलास? कुणी सांगितलं होतं?"

"तुझे डोळे जातील ऑस्वल्ड."

"आणि उद्या माझं काम गेलं तर? तू देणार आहेस?"

त्या दिवसानंतर कितीतरी दिवस नवराबायको एकमेकांशी बोलले नाहीत. तो रात्रभर जागा होता. सोमवारी संध्याकाळी पिमबाईंनी मला शेगडीजवळ कसंबसं वाळवून त्याच्या हातात दिलं. मी स्वच्छ होतो. त्याच्या पापण्यांवरून मी असा फिरलो की एक कणही टोचला नाही. मी आनंदात होतो.

आणि तिसऱ्या अंकात त्याची वाक्यं गेली. मोठं स्वगत, शेकडो वेळा म्हटलेलं. तो नुसता उभा. पडद्याआडून वाक्य सांगणारा कुजबुजला, पुन्हा कुजबुजला, शेवटी जवळजवळ ओरडला. प्रेक्षकांत कुणी खोकलं, मग कुणी हसलं.

झोप नाही, घरात अबोला, मनात भीती. कुणाचीही वाक्यं गेली असती. पण हे कोण म्हणणार? पडदा पडायच्या आत सगळ्या नाटकगृहाला माहीत झालं होतं की व्हर्नीच्या बायकोने पाय धुतला. पुढे हेस्टर कधी रंगपटाच्या दाराशी आली की बायका बाजूला व्हायच्या. एक नटी तर तिच्या तोंडावर म्हणाली, "तुम्ही आमच्या खोलीत येऊ नका हं, आमच्याकडेही धुण्यासारखं बरंच आहे." त्या आठवड्यात गॅड्सबीकडे काम बंद होतं. व्हर्नीचे डोळे निवळले. "बरं वाटतंय जरा," असं तो पिमबाईंना म्हणालाही. पण धुतलेला पाय आणि निवळलेले डोळे यांची सांगड कुणी घातली नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा दिव्यांखाली होतो. आता काम संपलं की पिमबाई पेटीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालायच्या.

मग गॅड्सबीला ते दृश्य सुचलं. कैद्याचा नुसता चेहरा, पडदाभर, आणि पापणी न लववता. दिवा इतका जवळ आणला की व्हर्नीच्या गालावरचा रंग वितळायला लागला. चष्मेवाला माणूस म्हणाला, "साहेब, हे बरं नाही." गॅड्सबी म्हणाला, "एकदाच." व्हर्नीने डोळे उघडे ठेवले. सगळे त्याच्याकडे थक्क होऊन बघत होते. संध्याकाळी तो पेटीपर्यंत चाचपडत आला. मला उचललं, गालाशी धरलं, आणि त्या भाजलेल्या, उघड्या जखमेसारख्या डोळ्यांच्या कडांवरून फिरवलं. असा कडवट क्षण माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही.

उजव्या डोळ्यावर पांढरा ठिपका आला, मग डाव्या. हेस्टर त्याला ओढून लंडनच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पेटी त्याच्या मांडीवर होती, कारण तिथून तसंच नाटकाला जायचं होतं.

"दिव्याने डोळे भाजतात, ते आठवड्यात भरून येतात," डॉक्टर म्हणाले. "यात रोज काहीतरी जातंय. काय लावता तुम्ही डोळ्यांना?"

"रंग, पावडर. हे तर मी मिसरूड फुटल्यापासून लावतोय, डॉक्टर."

हेस्टरने पेटीकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले. मी पेटीत जीव मुठीत धरून बसलो होतो. बोल बाई, म्हणत होतो. एक वाक्य बोल.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नुसत्या चाहुलीवरून, अंदाजाने, तिच्याकडे मान वळवली होती आणि त्याच्या चेहऱ्यावर जरब होती. तिने ओठ मिटले. मला तिचा राग येत नाही. जे तिने एकदा बरोबर केलं, त्याचीच तिला इतकी शिक्षा मिळाली होती.

त्यानंतर काही दिवस तो नाटक पाठांतरावर करत होता. दार कुठे, खुर्ची कुठे, हे पायांना माहीत होतं. रंगमंचाची कड कुठे आली ते तळदिव्यांच्या उष्णतेवरून कळायचं. एका दुपारच्या खेळाला तळदिव्यांच्या एका टोकाचे दिवे गेले होते. तो बोलत बोलत पुढे आला आणि सरळ खाली, वाजंत्र्यांच्या ढोलावर जाऊन पडला. लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. पिमबाई पडद्याआड तोंडात पदर कोंबावा तसा त्याचा कोट कोंबून रडल्या.

आता समुद्रकाठच्या एका गावात त्यांचं लहानसं घर आहे. चित्रपटांतून तो मागे पडला. रडणारे दुसरे मिळाले. पिमबाई अधूनमधून सुकवलेली मासळी घेऊन येतात. तो रोज संध्याकाळी, नाटकाची वेळ झाली की, खिडकीत बसून मला पावडरीत बुडवून तोंडावरून फिरवायचा. कुठे जायचं नसायचं. हेस्टर त्याला वर्तमानपत्रातली नाटकांची परीक्षणं वाचून दाखवायची. इतक्या वर्षांत तिने त्याला एकदाही सोडलं नाही, आणि एकदाही मला हात लावला नाही.

गेल्या महिन्यात डल्सी आली. कंपनीतली तरुण मुलगी, टपोऱ्या डोळ्यांची. लहानपणी व्हर्नीच्या हाताखाली तिने दोन कामं केली होती. गॅड्सबीने तिला मोठं काम दिलं होतं, ते सांगायला आली होती.

"मला तुमच्यासारखं रडता येईल का हो?" तिने विचारलं.

"येईल," व्हर्नी म्हणाला. त्याने चाचपडत पेटी उघडली आणि मला तिच्या हातात दिलं. "हा घे. पैसे काढू नकोस. याने मला सगळं दिलं."

डल्सीने मला ओठांशी नेलं. ती निघाली तेव्हा हेस्टर तिला दारापर्यंत सोडायला आली. तिने डल्सीचा हात धरला. मला वाटलं, आता. आता तरी ही सांगेल. इतकी वर्षं थांबली, आता या पोरीसाठी तरी बोलेल.

"एवढं एक लक्षात ठेव, बाळ," हेस्टर हळू आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "याला पाणी लावू नकोस. मी लावलं होतं. त्यातच त्यांचं सगळं गेलं."

हे ती मनापासून म्हणाली. जिने स्वतःच्या बोटांनी ते काळे कण चोळून पाहिले होते, ती.

सध्या मी डल्सीच्या पेटीत आहे. सकाळी गॅड्सबीच्या शेडमध्ये असतो, झाकण उघडं, दिव्यांखाली. संध्याकाळी रंगपटात. आज तिने आरशात वाकून पापणी उलटून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं, काहीतरी खुपतंय बघ." शेजारीण म्हणाली, "बटाटा ठेव. सगळ्यांनाच होतं."

तुमच्यापैकी कुणी नाटकातलं नसेल, शकुन न मानणारं असेल, तर जरा आत या. मला नशीब नको आणि देव्हाराही नको. वाटीभर कोमट पाणी आणि साबणाचा तुकडा, इतकंच मागतोय, आणि लवकर. तिने पावडरीचा डबा उघडलाय. मला उचललंय. आता ती डोळे मिटतेय.